शार्क आणि मुशी

(नभोवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

मुरब्यात कुणालाही विचारा, ‘तुम्ही शार्क खाता का?’ तो नाही म्हणेल. थोडा हसेलही. शार्क म्हणजे इंग्रजी सिनेमातला, माणसं फाडणारा. पण त्याच माणसाला ‘मुशी खाता का?’ असं विचारलंत, तर तो तुमच्याकडे जरा काळजीनं बघेल. मुशी कोण खात नाही? मुरबे, खाडीपलीकडची सातपाटी, खाली थेट अर्नाळा-वसईपर्यंत मुशी हा बाजारातला नेहमीचा मासा. मालवणकडे आणि गोव्यात त्याला मोरी म्हणतात. बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुशीचं कालवण देण्याची रीत कोळीवाड्यांतही आहे आणि कोकणी मुसलमानांच्या घरांतही आहे.

मुशी म्हणजेच शार्क, हे इथं मुद्दाम सांगायला हवं. आपल्या किनाऱ्यावर सगळ्यात जास्त मिळते ती हात-दीड हात लांबीची, चपट्या नाकाची छोटी मुशी. माझं शिक्षण बी. ए.चं, पण कॉलेजात शास्त्र शाखेचे मित्र होते. त्यांच्या अंगाला प्रयोगशाळेतला एक विशिष्ट वास येत असे. ज्या ‘स्कॉलिओडॉन’चं विच्छेदन करून ते दमायचे, तीच ही आपली मुशी. संध्याकाळी तीच ताटात आली, तर त्यांना ओळखू येत नसे.

मी शब्दांच्या धंद्यातला माणूस. त्यामुळे एका जनावराची ही दोन नावं मला नुसती गंमत वाटत नाहीत. ‘शार्क’ हा पुल्लिंगी, परका, भीतीचा नाहीतर दयेचा विषय. ‘मुशी’ स्त्रीलिंगी, घरातली, मसाल्याची. शार्कच्या पंखांसाठी जगभर जी कत्तल होते, तिच्याबद्दल वाचून आपण हळहळतो, आणि ती हळहळ मुशीपर्यंत पोचत नाही. हे अंतर किती खरं आणि किती भाषेनं पाडलेलं, एवढाच आज माझा विषय आहे.

आधी ते पंखांचं प्रकरण काय, ते पाहू. पुस्तकी मराठीत माशाच्या पंखाला ‘पर’ म्हणतात. आपण पंखच म्हणू. चीनमध्ये आणि जिथं जिथं चिनी वस्ती आहे तिथं, हाँगकाँग, तैवान, सिंगापूर इथं, लग्नाच्या जेवणात आणि मोठ्या मेजवानीत शार्कच्या पंखांचं सूप ठेवणं ही शतकांची प्रतिष्ठेची चाल. पंख वाळवतात, भिजवतात, त्यावरची कातडी काढतात, आणि आतून निघतात त्या शेवयांसारख्या पारदर्शक तारा. या तारांना स्वतःची चव जवळजवळ नसते. सुपाला चव येते ती कोंबडीच्या आणि डुकराच्या मांसाच्या रश्शाची. तारा फक्त दाताखाली कुरकुरतात. मुगाच्या पिठाच्या किंवा जिलेटिनच्या नकली तारा घालूनही तसंच सूप करतात. अस्सल पंखांना भाव मिळतो तो यजमानाच्या ऐपतीचा पुरावा म्हणून. आपल्याकडे बर्फीवर चांदीचा वर्ख लावतात, त्यालाही चव नसते. फरक इतकाच, की वर्खासाठी कुणाला समुद्रात बुडवावं लागत नाही.

चिनी माणसाला यावरून नावं ठेवायला मात्र मी तयार नाही. दुसऱ्याच्या ताटाकडे बोट दाखवणं फार सोपं असतं. ताटावरून माणसाची जात, धर्म, लायकी ठरवली जाते तेव्हा कसं वाटतं, हे मला कुणी शिकवायला नको. शिवाय ही चाल बदलण्याची खटपट चिनी लोकांनीही केली आहे. बास्केटबॉलपटू याओ मिंग यानं २००६ मध्ये हे सूप सोडत असल्याचं जाहीर केलं आणि पुढं त्याविरुद्ध मोहीम चालवली. २०१३ मध्ये चीन सरकारनं सरकारी मेजवान्यांतून ते काढून टाकलं.

आता पंख काढतात कसे? दूर समुद्रात महिनोन्‌महिने फिरणारी मोठी जहाजं असतात. ती असतात मुख्यतः ट्यूनासारख्या महाग माशांच्या मागावर. गळाला शार्कही लागतो. शंभर किलोच्या शार्कमध्ये पंखांचं वजन पाच किलोच्या आत-बाहेर, पण पंखांना मिळणारा भाव मांसाच्या कितीतरी पट. त्यात शार्कच्या मांसाची एक अडचण आहे, आणि आपल्या गृहिणींना ती चांगली ठाऊक आहे. शार्कच्या अंगात युरिया असतो. समुद्राच्या खारेपणात अंगातलं पाणी टिकावं म्हणून निसर्गानं केलेली ती सोय. मासा मेल्यावर त्याच युरियाचा अमोनिया होतो. शिळ्या मुशीला येणारा तो नाकात जाणारा दर्प त्याचाच. म्हणून मुशी ताजीच घ्यायची, कातडी काढून स्वच्छ धुवायची, आणि मग हळद, लसूण, कोकम. हे सगळं मुरब्यात होतं, कारण होडी गेली तशी परत येते. महिनाभर न परतणाऱ्या जहाजावर शार्कचं धूड म्हणजे बर्फाच्या कोठीत जागा अडवणारं, शेजारच्या महाग माशाला वास लावणारं ओझं. वाळवलेले पंख मात्र गोणीत मावतात. मग हिशेब सरळ होतो. पंख कापायचे आणि उरलेला मासा समुद्रात ढकलायचा.

अनेकदा तो जिवंत असतो. पंखांशिवाय त्याला पोहता येत नाही, तोल सांभाळता येत नाही. बऱ्याच जातींच्या शार्कना श्वासासाठी सतत पुढं सरकत राहावं लागतं, तेव्हाच कल्ल्यांतून पाणी वाहतं. तो खाली जातो, आणि गुदमरून मरतो किंवा दुसरं कुणी त्याला खातं.

ही पद्धत मी मुरब्यात एका जुन्या तांडेलांना समजावून सांगितली. सत्तरी ओलांडलेले, आता किनाऱ्यावर बसून जाळी विणतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “भाई, पंख कापून मुशी पाण्यात टाकतात? मग कालवण कशाचं करतात?” मी म्हटलं, “तात्या, त्यांना कालवण नको असतं.” ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पैशाची मस्ती.” नीतिशास्त्राच्या भाषेत याला उधळपट्टीविरुद्धचा आक्षेप म्हणतात. माझ्या आजीच्या भाषेत ‘इसराफ’.

मला स्वतःला उधळपट्टीपेक्षा त्या जिवंतपणी कापण्याचा त्रास अधिक होतो, आणि त्यावर आमच्या परंपरेत एक जुनी गोष्ट आहे. अबू दाऊद आणि तिरमिझी यांच्या हदीस-संग्रहांत ती येते. पैगंबर मदिनेला आले तेव्हा तिथले लोक जिवंत उंटांचं वशिंड आणि मेंढ्यांची चरबीदार शेपटी कापून खात असत. जनावर जिवंत, त्याचा चविष्ट भाग ताटात. पैगंबरांनी सांगितलं, की जिवंत जनावरापासून कापलेला तुकडा हा मुर्दार आहे. म्हणजे मेलेल्या जनावरासारखाच, खायला निषिद्ध. हजार-चौदाशे वर्षांपूर्वीच्या वाळवंटातला हा प्रकार आणि आजच्या महासागरातला प्रकार यांत मला काहीच फरक दिसत नाही. हवा तेवढा भाग घ्यायचा आणि ज्याचा तो भाग, त्या जिवाशी आपला संबंध नाही असं समजायचं.

धर्मशास्त्र काटेकोरपणे वाचणारे इथं मला अडवतील, आणि त्यांचं म्हणणं बरोबर आहे. माशाला जबिहा लागत नाही, मेलेला मासाही हलाल, म्हणून वशिंडाचा नियम माशाला तांत्रिक अर्थानं लागू होत नाही. आम्ही कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. आम्हाला तर समुद्रातलं बहुतेक सगळंच चालतं. पण नियम कुठवर लागतो हा एक प्रश्न, आणि नियम का झाला हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पाण्याच्या कडेला येऊन थांबत असेल, असं मला वाटत नाही.

इथपर्यंत सगळे श्रोते माझ्या बाजूचे असतील, कारण इथपर्यंत आरोपी दूरचे आहेत. आता जवळ येऊ.

शार्क पकडणाऱ्या जगातल्या मोठ्या देशांत भारताचा नंबर वर आहे. पण आपल्याकडे पंख कापून मासा फेकण्याची रीत फारशी नाही. मुशी अख्खी बंदरावर येते. मांस खाल्लं जातं, खारवून वाळवलं जातं, मोठ्या माशाच्या यकृताचं तेल निघतं. पंख वेगळे काढून दलालाकडे जात आणि तिथून परदेशी. म्हणजे तात्यांचा आक्षेप आपल्याला लागू होत नाही, वशिंडाचाही नाही. मग आपण सुटलो का?

सरकारला तसं वाटलं नव्हतं. २००१ साल या बाबतीत मोठं गमतीचं. गुजरातच्या किनाऱ्यावर व्हेल शार्कची शिकार होत असे. हा जगातला सगळ्यात मोठा मासा, अगदी निरुपद्रवी, सूक्ष्म जीव गाळून खाणारा. पूर्वी होड्यांना चोपडण्याच्या तेलासाठी त्याला मारत, नंतर परदेशी मागणीमुळं मांसासाठी. माइक पांडे यांच्या ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ या माहितीपटानं ती शिकार लोकांसमोर आणली. मे २००१ मध्ये व्हेल शार्कला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या सूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत जागा मिळाली. जुलैमध्ये सरकारनं एका फटक्यात सगळ्याच शार्कना आणि पाखटांना त्या सूचीत टाकलं. म्हणजे मुरब्यातल्या जाळ्यात मुशी आली, की नाखवा वाघ मारल्याच्या कलमाखाली! किनाऱ्यांवर ओरड झाली. जाळं काही मासा विचारून घेत नाही. डिसेंबरात सरकार मागं आलं आणि यादीत दहा जाती राहिल्या. त्यांत व्हेल शार्क, करवतमासे, गंगेतला शार्क असे दुर्मीळ जीव होते. २०२२ च्या दुरुस्तीनं, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, ती यादी पुन्हा वाढली.

पंखांबद्दल पुढचे हुकूम २०१३ आणि २०१५ मधले. ऑगस्ट २०१३ मध्ये ठरलं, की शार्क किनाऱ्यावर आणायचा तर पंख अंगाला जोडलेल्या अवस्थेतच. फेब्रुवारी २०१५ मध्ये शार्कच्या पंखांच्या निर्यातीवरच बंदी आली. बंदी आली म्हणजे धंदा थांबला असं नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयानं मुंबईतल्या शिवडीत आणि गुजरातेतल्या वेरावळला छापे घातले आणि मिळून सुमारे ८००० किलो पंख पकडले. ते दुसऱ्याच सुक्या मासळीच्या नावाखाली बाहेर जायचे होते. पंख वाळवल्यावर किती हलके होतात हे लक्षात घेतलं, म्हणजे ८००० किलोंमागं किती हजार मासे असतील, याचा अंदाज येतो.

आता माझ्या मते या विषयातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट. पंखांविरुद्ध जगभर कायदे झाले. ‘पंख अंगाला जोडलेले हवेत’ हा नियम अमेरिका, युरोप अशा अनेकांनी केला. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेनं पंखांची विक्रीच बंद केली. आणि जानेवारी २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. २०१२ मध्ये मासेमारीत वर्षाला किमान ७ कोटी ६० लाख शार्क मरत होते. २०१९ पर्यंत कायदे दहापटींहून वाढले, आणि मरणारे शार्क झाले ८ कोटी. त्यांतले अडीच कोटींच्या आसपास धोक्यात असलेल्या जातींचे.

असं का व्हावं? पंख कापून फेकणं बंद झालं, तिथं अख्खा शार्क बंदरावर येऊ लागला. आला की त्याच्या मांसाला गिऱ्हाईक शोधलं गेलं, आणि ते मिळालं. उधळपट्टी संपली, क्रौर्य कमी झालं, आणि मरणाऱ्यांची संख्या वाढली. आपण ज्या गोष्टीवर रागावलो होतो ती सुटली, आणि शार्कला त्याचा उपयोग झाला नाही. तात्यांचा प्रश्न, ‘कालवण कशाचं करतात?’, त्याला जगानं उत्तर दिलं: बरं, कालवणही करू.

मग मारण्यातलं चूक नेमकं कुठं राहिलं? ते शार्कच्या पोटात आहे. पापलेटची मादी हजारोंनी अंडी सोडते. बहुतेक मोठ्या शार्कचा संसार आपल्यासारखा, किंवा म्हशीसारखा म्हणा. वयात यायला दहा-पंधरा वर्षंसुद्धा लागतात, पोटुशी राहिली की नऊ-दहा महिने, कधी वर्ष, आणि पिल्लं मोजकी. असा जीव जाळ्यानं, यंत्रानं, वर्षभर काढत राहिलात, तर व्याज संपून मुद्दल कधी खायला लागलो ते कळतही नाही.

पालघर जिल्ह्याला हे फेब्रुवारी २०२४ मध्ये फार भयंकर रीतीनं दिसलं. मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत मासे धरायला उतरलेल्या एका तरुणाला शार्कनं चावा घेतला आणि त्याच्या पायाचा मोठा भाग गेला. किनाऱ्यापासून इतक्या आत शार्क, याचंच लोकांना नवल वाटलं. तो बुल शार्क होता. ही जात गोड्या पाण्यातही राहू शकते आणि पिल्लं द्यायला खाड्यांत, नदीमुखांत शिरते. मागाहून तो मासा मेलेला मिळाला. मादी होती, पोटात पिल्लं होती. त्या तरुणाच्या घरच्यांना जाऊन कुणी शार्कच्या संवर्धनावर व्याख्यान द्यावं असं मी म्हणणार नाही. पण खाडी हे त्या जातीचं बाळंतपणाचं घर आहे, ही गोष्ट त्या अपघातानं बदलत नाही.

गुजरातमध्ये हीच गोष्ट वेगळ्या भाषेत सांगितली गेली आणि ती लोकांना पटली. २००४ पासून मोरारी बापूंनी कथांमधून सांगायला सुरुवात केली, की व्हेल शार्क ही बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे. तिला नाव दिलं ‘वहाली’, म्हणजे लाडकी. ज्या बंदरांवर शिकार चालायची, तिथलेच कोळी जाळी कापून तिला सोडू लागले, आणि कापलेल्या जाळ्याची भरपाई वनखातं देऊ लागलं. आजवर शेकडो सोडल्या गेल्या. कवी म्हणून मला याचा हेवा वाटतो. कायद्याच्या सूचीनं जे होत नव्हतं, ते एका शब्दानं झालं. अर्थात भरपाईच्या पैशांशिवाय शब्द किती टिकला असता, हा प्रश्न उरतो.

महाराष्ट्रानंही डिसेंबर २०१८ मध्ये तशी योजना आणली. संरक्षित जीव जाळ्यात आला, तो जाळं कापून सोडला, त्याचं चित्रण दाखवलं, तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई. पण ही सोय यादीतल्या जिवांपुरती. यादीबाहेरची पोटुशी मुशी सोडली तर नाखव्याला काही मिळत नाही. त्याचं डिझेल, बर्फ, खलाशांचा वाटा, सगळं अंगावर. सातपाटी-मुरब्याच्या लोकांना समुद्राचा संयम कळत नाही असं कुणी समजू नये. लहान पापलेट मारू नये म्हणून याच किनाऱ्यावरची माणसं वर्षानुवर्षं भांडली आहेत. तारापूरच्या कारखान्यांचं सांडपाणी, मोठे ट्रॉलर, ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झालेलं वाढवण बंदर, आणि खुद्द मुरब्याच्या किनाऱ्यावर प्रस्तावित असलेलं, मच्छीमारांचा विरोध असलेलं दुसरं बंदर. हे सगळं एका बाजूला ठेवून ‘कोळ्यांनी मुशी मारू नये’ एवढंच सांगणं म्हणजे सगळ्यात गरीब आरोपीला आधी उभं करणं होय.

तरीही मुशी खाणं पूर्ण निर्दोष आहे, असं मी म्हणत नाही. मी खातो, म्हणून तर मला हा हिशेब करावा लागतो. माझं मत असं झालं आहे, की ‘मुशी’ या एका शब्दाखाली आपण दोन वेगळ्या गोष्टी ठेवल्या आहेत. जी छोटी, चपट्या नाकाची, ती वर्षा-दोन वर्षांत वयात येते आणि शार्कच्या मानानं पिल्लंही बरीच देते. गंमत म्हणजे तिची पिल्लं पोटात नाळेनं पोसली जातात, आणि तीच आपण बाळंतिणीला देतो. तिच्यावरही ताण आहेच, तिचेही पोटुशीचे महिने सांभाळायला हवेत. पण ती संयमानं धरली तर पुरी पडू शकते. दुसऱ्या त्या मोठ्या: डोक्याला दोन्ही बाजूंना फाटे असलेली कानमुशी, बुल शार्क आणि त्यांचे भाऊबंद. कानमुशीच्या मुख्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१४ पासून नियंत्रण आहे ते उगाच नाही. त्यांची पिल्लं खाडीच्या तोंडाशी, उथळ पाण्यात वाढतात आणि छोट्या मुशीबरोबर त्याच टोपलीत येतात. लांबी सारखीच, म्हणून भावही सारखाच. पण एक म्हातारपणाकडे निघालेली आणि दुसरी अजून दुधपिती.

फरक ओळखणं फार अवघड नाही. कानमुशीचं डोकं लहान असतानाही तसंच असतं. घेणाऱ्यानं डोक्यासकट मासा बघावा, सोललेले तुकडे घेऊ नयेत, आणि मोठ्या मुशीचे काप असतील तर पुढच्या टोपलीकडे जावं. पालघरच्या बाजारात मी हे करू लागलो, तेव्हा ओळखीच्या मावशींनी विचारलं, “काय भाई, आज काप नकोत? मोठी आहे, काटा नाही.” मी कारण सांगितलं. त्या म्हणाल्या, अशी मोठी आता महिन्यातून एखादी येते. त्यांच्या सासूच्या वेळी टेम्पोत मावत नसत. मग त्यांनी टोपलीतली छोटी मुशी उचलली, डोकं माझ्याकडे करून दाखवलं, आणि सोलायला घेतली.